आयरिश व्हिस्कीचा नववा रकाना

परीक्षकांच्या लेकीच्या लग्नात सगळं आटोपल्यावर व्याह्यांनी मोठ्या हौसेने विचारलं होतं, "काय मग, कशी वाटली व्यवस्था?" आणि परीक्षक क्षणभर विचार करून म्हणाले होते, "बरी होती."

एवढंच. पण या गोष्टीला आठ महिने झाले तरी ते दोन शब्द व्याह्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते. व्याही म्हणजे निवृत्त जहाज-इंजिनिअर. दिलदार माणूस, आवाज भोंग्यासारखा. लिफ्टचं दार नीट बंद झालं तरी "वा!" म्हणणारा. अशा माणसाने पोराच्या लग्नात जीव ओतावा आणि त्याला "बरी होती" ऐकावं लागावं, हे काही बरं नव्हे.

परीक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. पस्तीस वर्षं ते सरकारी अन्न-प्रयोगशाळेत नमुने तपासत होते. तेलं, जॅम, बिस्किटं, दुधाची भुकटी, काय वाट्टेल ते. परीक्षण-पत्रकावर शेऱ्याच्या पाच श्रेणी छापलेल्या असत: नामंजूर, चालेल, बरा, समाधानकारक आणि उत्तम. पस्तीस वर्षांत परीक्षकांच्या हातून एकालाही 'उत्तम' मिळालेला नाही. याला खडूसपणा म्हणणारे म्हणोत. कारण कायदेशीर होतं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असे, 'उत्तम शेरा देताना तुलनेचा मानक नमुना रकाना ९ मध्ये नमूद करावा.' म्हणजे हा उत्तम, पण कशाच्या मानाने, ते सांगा. आणि प्रयोगशाळेत मानक नमुना नव्हताच. परीक्षकांनी दरवर्षी वर पत्र पाठवलं. दरवर्षी उत्तर आलं, 'बाब विचाराधीन आहे.' ती अजूनही विचाराधीन असावी.

कचेरीत सवय लागली, ती घरीही आली. लेक वर्गात पहिली आली, "बरंय." बायकोने नवे पडदे शिवले, "बरे आहेत." लग्नानंतर पहिली दोन वर्षं बायको ताट वाढून विचारायची, "कसं झालंय?" तिसऱ्या वर्षी तिने विचारणं सोडलं. परीक्षकांना ते सोयीचंच वाटलं होतं. पुरुषांच्या काही गोष्टी फार उशिरा लक्षात येतात, आणि तोवर निवृत्तीवेतन सुरू झालेलं असतं.

तर गुरुवारी जावई एक पुठ्ठ्याची नळी देऊन गेला. आत आयरिश ब्लेंडेड व्हिस्कीची बाटली. सोबत व्याह्यांची चिठ्ठी: 'जुन्या जहाजावरच्या मित्राने पाठवली. माझ्या मते जगात तोड नाही. पण माझ्या मताला काय किंमत! तुमच्यासारख्या जाणकाराने आधी तपासावी. रविवारी एक वाजता आम्ही जेवायला येतो, तेव्हा निकाल ऐकवा.'

पाठोपाठ लेकीचा फोन. "बाबा, हात जोडते. एकदाच 'उत्तम' म्हणा."

"चव न घेता?"

"चव घ्या, अंघोळ घाला तिला, काय करायचं ते करा. पण 'बरी आहे' म्हणू नका. अहो, रोज जेवताना सासरे मला विचारतात, 'काय सूनबाई, आजची भाजी बरी आहे ना?' आणि सगळं टेबल गप्प होतं. मला घास गिळवत नाही."

लेकीसाठी परीक्षकांनी हाताची करंगळी कापून दिली असती. पण खोटा शेरा? तो काही करंगळीइतका सोपा नव्हता. ते म्हणाले, "तपासतो. खरंच उत्तम असली तर म्हणेन."

"आणि नसली तर?"

परीक्षकांनी फोन ठेवला आणि बाटलीकडे असं पाहिलं, जसं बाप निकालाच्या दिवशी कच्च्या पोराकडे पाहतो. बये, पास हो.

पण लेबल वाचताच पहिली ठेच लागली. 'ब्लेंडेड'. म्हणजे मिसळलेली! ज्या माणसाने पस्तीस वर्षं तेलात तेल आणि मधात साखर मिसळणाऱ्यांना दंड ठोठावला, त्याच्यापुढे हा कबुलीजबाब सोनेरी अक्षरांत छापून आला होता. त्यांनी तडक मद्य विभागातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"अरे, हिने तर लेबलवरच गुन्हा कबूल केलाय."

सहकारी खो खो हसला. "ती भेसळ नव्हे, मेळ आहे. एक भरदार व्हिस्की सातूची, भांड्यात गाळलेली. दुसरी हलकी, इतर धान्यांची. बहुतेक वेळा तीन-तीनदा गाळतात. मग वर्षानुवर्षं ओकच्या लाकडी पिंपांत ठेवतात आणि एक पट्टीचा माणूस नाकाने मेळ घालतो. त्या माणसाच्या नाकापुढे तुझंमाझं नाक म्हणजे नुसतं चष्मा टेकवायला."

नाकाचा अपमान परीक्षकांना झोंबला. "पद्धत सांग," ते कोरडेपणाने म्हणाले.

पद्धत अशी होती: सकाळी अकराची वेळ, तेव्हा जीभ ताजी असते. तोंडाशी निमुळता होणारा पेला. आधी रंग, मग वास, मग चव. मग पाण्याचे तीन थेंब आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. वास ओळखायला शेजारी मध, हिरवं सफरचंद, व्हॅनिला, भाजलेला पाव आणि ओकच्या लाकडाचा तुकडा. सहकाऱ्याने एवढंच सांगितलं होतं. नियमाप्रमाणे नमुन्याचे तीन सीलबंद भाग करायचे, ही भर परीक्षकांनी स्वतः घातली: एक तपासणीसाठी, एक राखीव आणि एक अपिलासाठी. सवय, दुसरं काय.

शुक्रवार सगळा धावपळीत गेला. निमुळता पेला घरात नव्हता. शेवटी एका फुलापुरती असलेली काचेची फुलदाणी सापडली. चार वेळा धुतली तरी तिला शिळ्या पाण्याचा वास येत होता, पाचव्यांदा गेला. ओकसाठी ते कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले.

"किती फूट?" सुताराने विचारलं.

"हुंगण्यापुरता."

सुतार पस्तीस वर्षं लाकूड कापत होता, पण असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मोडीतल्या एका टेबलाचा खण काढून दिला. "ओकच आहे, साहेब. बिनधास्त हुंगा." परीक्षकांनी दुकानाच्या दारातच डोळे मिटून खण नाकाला लावला. येणारेजाणारे थांबले. खणाला पॉलिश, खोडरबर आणि झुरळांच्या गोळ्यांचा वास येत होता. घरी येऊन त्यांनी खणाची खालची बाजू पॉलिशकागदाने घासली, तेव्हा कुठे लाकूड बोलायला लागलं.

तोवर तिसऱ्या मजल्यावर काहीतरी शिजतंय, ही बातमी जिन्याने खाली-वर झाली होती. समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका या इमारतीच्या समितीच्या सचिवही होत्या. त्या हातात नियमावली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"निवासी इमारतीत प्रयोगशाळा चालवता येत नाही. कलम चौदा."

"ही प्रयोगशाळा नाही, बाई. घरगुती परीक्षण आहे."

"मग तसा अर्ज द्या. तीन प्रतींत."

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. परीक्षकांना मात्र वाळवंटात गाववाला भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. बाईंनी तो परत केला. डावीकडे समास सोडलेला नव्हता. दुसऱ्या अर्जात समास होता, पण 'मद्य' शब्दावर बाई अडल्या. अखेर 'धान्यजन्य पेय' यावर तडजोड झाली आणि परवानगी मिळाली. वर, नमुने सील करताना दोन पंच लागतात हे कळल्यावर बाई स्वतःहून पंच व्हायला तयार झाल्या. दुसरे पंच तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांना बोलवावं लागलं नाही. बाटलीची बातमी लागताच ते दवाखान्याची पाटी उलटी करून वर आले होते.

"पहिला घोट हिरड्यांवरून फिरवा," डॉक्टर म्हणाले, "चूळ भरल्यासारखा. फक्त थुंकू नका."

पंचांसमक्ष बाटली उघडली. जॅमच्या तीन स्वच्छ बरण्या भरल्या, झाकणांवर मेणबत्तीचं मेण ओतलं, चिठ्ठ्या डकवल्या, सह्या झाल्या. राखीव बरणी बाईंनी पोच देऊन-घेऊन आपल्या कपाटात कुलूपबंद केली. अपिलाची डॉक्टरांनी छातीशी धरून नेली. बाटलीत उरलं दीड बोट.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे सारं पाहत होती. "अहो, पाहुण्यांची बाटली आहे ती," एवढंच म्हणाली.

"म्हणूनच," परीक्षक म्हणाले.

शनिवारी बरोबर अकराला ते टेबलाशी बसले. इस्त्रीचा सदरा, समोर कोरं परीक्षण-पत्रक. निवृत्त होताना आठवण म्हणून चार आणली होती, त्यातलं पहिलं. उजेड हवा म्हणून पडदे बाजूला सारलेले. त्यामुळे समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्यांना, भरल्या सकाळी फुलदाणीतून दारू पिणारा एक निवृत्त अधिकारी स्वच्छ दिसत होता. एक खिडकी तर कुटुंबाला बोलावून आणायला गेली. पण कर्तव्यापुढे अब्रूची पर्वा कोण करतो? म्हणजे परीक्षकांनी केली. पण पडदा ओढला तर रंग कळला नसता.

रंग पिकल्या गव्हाचा होता. त्यांनी फुलदाणी नाकाशी आणली आणि दोष शोधायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं नाकाला तेच काम होतं. कुठे खवट, कुठे करपट, कुठे जळका झोंबरा वास? काही नाही. आधी मध आला, अगदी हळू, चपला दाराबाहेर काढून. मागून हिरवं सफरचंद, नुकतंच कापलेलं. त्यांनी खात्रीसाठी शेजारचं सफरचंद हुंगलं. खरं सफरचंद जरा फिकंच निघालं. मग भाजलेल्या पावाची कड. आणि सगळ्यांच्या खाली, फार आवाज न करता, लाकूड आणि व्हॅनिला.

पहिला घोट त्यांनी जिभेवर धरला. घसा जळेल म्हणून सावध बसले होते. जळलाच नाही. रेशमाची लड सुटावी तशी ती उतरली. गोड म्हणावी तर गोड नव्हती, आणि शेवटी, आता संपलं असं वाटतं तेव्हा, मिऱ्याची एक चुणूक आली आणि छातीत ऊब ठेवून गेली. परीक्षक दचकले. त्यांनी तीन थेंब पाणी घातलं. सफरचंद बाजूला झालं आणि धान्य पुढे आलं. भरदार होती ती हलकीला वाव देत होती, हलकी होती ती भरदारला पेलत होती. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते पस्तीस वर्षांच्या नाकाला कळेना. आपण आयुष्यभर मिसळलेला माल पकडला, पण तो लपवायला मिसळलेला होता. खुलवायलाही मिसळतात, हे आज कळत होतं. कुठेतरी परमुलखात एका अनोळखी माणसाने पिंपांवर वाकून, हुंगून हुंगून हा मेळ घातला होता. परीक्षकांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

चाळीस मिनिटं झाली. 'दोष' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आढळला नाही.' स्वतःचं अक्षर तीनदा वाचलं. मग शेऱ्याशी आले, आणि पस्तीस वर्षांत प्रथमच पाचव्या श्रेणीवर खूण केली. उत्तम. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. खोटं न बोलता पोरीचं काम झालं होतं. डोळे ओले झाले. त्यांनी ते व्हॅनिलावर ढकललं.

राहिला रकाना नऊ. तुलनेचा मानक नमुना. व्हिस्कीतलं त्यांना दुसरं काही ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ पेन धरून बसले, मग एकदम सुचल्यासारखं लिहू लागले. रकान्यात मावेना, तेव्हा तिथे 'मागील पृष्ठ पाहावे' असं लिहून पान उलटलं आणि मागे मजकूर पुरा केला. पत्रक तपासणीच्या बरणीखाली ठेवलं आणि समाधानाने आडवे झाले.

उठले तेव्हा घरातली हवा बदललेली होती. टेबल पुसून लख्ख, खण, मध, सफरचंद जागच्या जागी. बायको पाठमोरी.

"पाहिलं का पत्रक?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"पाहिलं," ती म्हणाली. "उत्तम दिलंत म्हणे. बाटलीला."

"खरंच आहे तशी!"

"असेल की. आपल्याला काय कळतंय त्यातलं." आणि मिक्सर सुरू झाला. तो बंद झाल्यावर भांडी सुरू झाली. परीक्षकांना वाटलं, समोरच्या खिडक्यांमुळे रागावली असेल.

रविवारी सकाळी सहाला ते नेहमीप्रमाणे टेबलाशी येऊन बसले. चहा नव्हता. सव्वासहा झाले, साडेसहा झाले.

"पूड संपलीय," आतून आवाज आला.

डबा फळीवरच होता आणि पाऊण भरलेला काचेतून दिसत होता. परीक्षक नुसते बसून राहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दिवसाला सुरुवातच नव्हती. पेपर हातात धरला तो उलटा आहे हे त्यांना आठ वाजता कळलं.

एक वाजता व्याही सहकुटुंब आले. "वा! काय पायपुसणं आहे!" इथपासून सुरुवात झाली आणि बाटलीपाशी येऊन थांबली. दीड बोट.

"व्याही," व्याह्यांचा आवाज प्रथमच खाली आला, "सगळी एकट्यानं?"

लेकीने डोक्याला हात लावला. परीक्षकांनी घाईघाईने तीन भागांचा नियम समजावला. मुख्याध्यापिकाबाई राखीव बरणी घेऊन आल्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय ती सोडेनात. दातांचे डॉक्टरही आले. त्यांच्या बरणीत तळ दिसत होता.

"मेणाला चीर होती," डॉक्टर म्हणाले. "उडून गेली असावी." बरणी देताना त्यांच्या तोंडाला सफरचंदाचा वास आला. परीक्षकांच्या नाकाने तो टिपला.

"ते जाऊ द्या," व्याही म्हणाले. "निकाल?"

परीक्षकांनी पत्रक पुढे केलं. व्याह्यांनी चष्मा लावला आणि भोंग्यासारख्या आवाजात वाचायला घेतलं. रंग, वास, चव. 'दोष: आढळला नाही.' 'शेरा: उत्तम.' लेकीने सोडलेला श्वास खिडकीपर्यंत ऐकू आला. बायको पाण्याचे पेले ठेवून आत वळली.

"रकाना नऊ," व्याही वाचत होते, "तुलनेचा मानक नमुना. मागील पृष्ठ पाहावे." त्यांनी पान उलटलं. "मानक नमुना: पत्नीच्या हातचा सकाळचा चहा. एकतीस वर्षं रोज सहा वाजता तपासला. ताप, पाहुणे, बदली, मुलीच्या परीक्षा, कोणत्याही कारणाने चवीत फरक आढळला नाही. सदर व्हिस्की या मानकाच्या फार जवळ पोचते. ओलांडत नाही. सही."

बायको दारातच थबकली होती. व्याह्यांच्या तोंडून 'वा' निघालं नाही. चष्मा काढून ते उगाच पुसत राहिले.

"एकतीस वर्षं," बायको म्हणाली. तिचा आवाज काही ताळ्यावर नव्हता. "एकतीस वर्षांत एकदा सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?"

परीक्षक गोंधळून उभे राहिले. "अगं, मानक नमुन्याला शेरा देता येत नाही. त्याच्यावरून बाकीच्यांना शेरा द्यायचा असतो. नियम आहे."

"कळतंय का तुम्हाला, मी कालपासून..." व्याह्यांच्या हातातलं पत्रक तिने घेतलं आणि दोन्ही बाजू स्वतः वाचल्या. "आणि हे मागच्या पानावर लिहितात?"

"रकान्यात मावत नव्हतं," परीक्षक म्हणाले.

ती पत्रक घेऊनच आत गेली.

व्याह्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "व्याही, मी उठताबसता 'वा' म्हणतो. तुमचं 'बरी होती' आठ महिने सलत होतं मला. पण ते खरं होतं म्हणूनच आजचं 'उत्तम' खरं वाटतंय. सूनबाई, तुझ्या भाजीचा विषय आता बंद." लेक एकदम हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं. "फक्त एक विचारतो," व्याही पुढे झुकले, "लग्नाच्या व्यवस्थेबद्दल अपील करता येईल का?"

"करता आलं असतं," परीक्षक गंभीरपणे म्हणाले. "पण त्याचा नमुना राखून ठेवलेला नाही. आणि ठेवला असता, तरी डॉक्टरांकडे ठेवला असता."

व्याही असे हसले की समोरच्या तिन्ही खिडक्या पुन्हा उघडल्या. बरणीतली व्हिस्की पेल्यांत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनीही 'धान्यजन्य पेय' दोन थेंब चाखून पाहिलं आणि नियमावली मिटली.

जेवणाची ताटं मांडायची होती, तेवढ्यात बायको बाहेर आली. हातात एकच कप होता. तिने तो परीक्षकांपुढे ठेवला. वाफ वर आली आणि परीक्षकांनी डोळे मिटले. दुपारचा दीड वाजला होता, पण त्यांच्या दिवसाला आत्ता सुरुवात झाली.

"पूड संपली होती ना?" ते म्हणाले.

"सापडली," ती म्हणाली.